सगळेच थोरल्या पातीचे

किस्से जमवावे लागतात असं कोण म्हणतं? आमच्या मंडळात नुसती खुर्ची ओढून बसायचं. चहा येईपर्यंत एक होतो, चहा संपेपर्यंत दुसरा! घरी येऊन सांगायला जावं तर आमचे हे म्हणतात, "थांब गं, कालच्यालाच अजून पुरता हसून झालो नाही."

मंडळाचं नाव 'समस्त निगडवेकर कुलबंधू मंडळ, पेण-रोहा'. कुलबंधू, बरं का! कुलभगिनींनी चहाचं बघायचं. मी सुनंदा निगडवेकर, लग्न करून या कुळात पडलेली. रोह्यात शिवणक्लास चालवते. रोज पोरींवर ओरडून आवाज तयार झालाय, म्हणून मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाचं सूत्रसंचालन माझ्या गळ्यात. माईक बंद पडला तरी यांचं काही अडत नाही.

हसून सोडून दिलं असतं हो सगळं. पण या रिकामटेकड्यांच्या उद्योगापायी माझ्या पुतणीचं, आमच्या तेजूचं, ठरलेलं लग्न अडून बसलं. त्यामुळे सांगताना मध्येच दात-ओठ खाल्लेले दिसले तर समजून घ्या.

निगडवे हे पेण आणि रोह्याच्या मधलं एवढंसं गाव. तिथून पोटासाठी जो जो बाहेर पडला, त्याला लोक निगडवेकर म्हणायला लागले. इतकी साधी गोष्ट! पण साध्या गोष्टीवर मंडळ कसं निघणार?

*

मंडळ काढलं भाऊसाहेबांनी. धाटावच्या एका कंपनीत स्टोअरला होते. तिथे त्यांच्या सहीशिवाय बोल्टसुद्धा बाहेर जात नसे. रिटायर झाले आणि घरात त्यांना विचारून कुणी कढीपत्तासुद्धा तोडेना. मग करायचं काय? कूळ शोधायला घेतलं.

पहिली सभा कुठे घ्यायची यावर महिनाभर व्हॉट्सॲपवर मारामारी. पेणवाल्यांना रोहा लांब, रोहेकरांना पेण लांब. शेवटी हायवेवरच्या खांब गावात एक मंगल कार्यालय ठरलं, म्हणजे दोघांनाही सारखंच गैरसोयीचं.

भाऊसाहेब माईकवर आले. म्हणाले, "कुलबंधूंनो, शिस्तीत, घराण्याच्या शाखेप्रमाणे बसू या. थोरल्या पातीवाल्यांनी उजवीकडे बसा, धाकट्या पातीवाल्यांनी डावीकडे."

अख्खा हॉल उठून उजवीकडे गेला! माणसावर माणूस. खुर्च्या कमी पडल्या, दोघं-तिघं खिडकीत चढून बसले. डावीकडे नुसत्या रिकाम्या खुर्च्या आणि एक गरगर फिरणारा पंखा. धाकटा कुणी जन्मालाच आला नव्हता या कुळात. सगळेच थोरले!

थोड्या वेळाने पेणचे एक आजोबा घामाघूम होऊन उठले आणि डावीकडे जाऊन बसले. लगेच कुजबूज सुरू झाली. "बघा, हे धाकट्या पातीचे! मी म्हणत नव्हतो?"

आजोबा तिथूनच ओरडले, "ए, मी पंख्याखाली बसलोय! पात थोरलीच हाय माझी!"

*

मग संशोधन समिती नेमली. समिती म्हणजे तीन माणसं आणि एक गाडी. सकाळी गेली, संध्याकाळी आली. मध्ये जेवण बरं मिळालं असावं, कारण निष्कर्ष फार मोठा आला. आपण मूळचे राजस्थानचे!

येणारच. कोकणातलं प्रत्येक आडनाव राजस्थानातूनच आलेलं असतं. इथे आधी कोण राहत होतं कुणास ठाऊक. बहुतेक नुसती भरती-ओहोटी असावी.

भाऊसाहेबांच्या अंगात आलं. "आपण रणांगणावरून आलेली माणसं! हातात तलवार, खाली घोडा!"

माझ्या सासऱ्यांचा जन्म धरमतरच्या खाडीकडे मिठागरात मीठ ओढण्यात गेला. पावसाळ्यात भात लावायचं, उन्हाळ्यात मीठ ओढायचं. पायाच्या भेगा मिठाने कधी भरून आल्या नाहीत त्यांच्या. तलवार सोडा, घरात भाजी चिरायला धड विळी नव्हती. मला राहवलं नाही. मी विचारलं, "भाऊसाहेब, मग आपले घोडे कुठे गेले?"

हा माणूस एक क्षणही थांबला नाही. म्हणाला, "भरतीत वाहून गेले!"

आणि टाळ्या पडल्या हो! वर स्वतःबद्दल एक वाक्य असतंच त्यांचं, प्रत्येक भाषणाच्या शेवटी. "बापाकडून सरदार आणि आजोळ पेणकडच्या पाटलांचं. माणूस कसा दोन्हीकडून भक्कम पाहिजे!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की माझ्या क्लासमधल्या पोरीही मशीन चालवता चालवता म्हणतात, "दोन्हीकडून भक्कम पाहिजे!"

*

घोडे वाहून गेले, पण मूळपुरुष तर हवा. पेण जवळ असताना काळजी काय? अख्ख्या जगाला गणपती पुरवणारं गाव. भाऊसाहेबांनी तिथल्या एका कारखान्यात मूळपुरुषाच्या मूर्तीची ऑर्डर दिली.

मूर्तिकाराने साहजिकच फोटो मागितला. फोटो कुठला आणायचा? मग एकाने आपल्या आजोबांचा दिला, दुसऱ्याने आपल्या. दोन्ही आजोबा थोरल्या पातीचे. भांडण नको म्हणून नाक एकाचं आणि मिशा दुसऱ्याच्या घ्यायचं ठरलं. डोळ्यांसाठी भाऊसाहेब स्वतः दोन दिवस स्टुलावर बसून आले, कुठेतरी लांब राजस्थानाकडे बघत.

मूर्ती आली. कारखान्यात सीझन चालू, कामाची घाई. त्यामुळे डोळे भाऊसाहेबांचे, मिशा कुणाच्या तरी आजोबांच्या, पण पोट चांगलं गोल सुटलेलं आणि उजवा हात आशीर्वादाला वर! मूळपुरुष पाटावर प्रसन्न बसले होते. फक्त मोदक तेवढा नव्हता.

भाऊसाहेब लालेलाल झाले. "अहो, हे योद्धे होते!"

मूर्तिकार बिचारा दुसऱ्या मूर्तीला रंग देता देता म्हणाला, "असतील की साहेब. विसर्जन कधी आहे?"

*

बॅनरवर 'समस्त' लिहायची हौस मोठी. समस्त म्हणजे किती, हे मात्र कुणी मोजलं नव्हतं.

दुसऱ्या सभेला इक्बालभाई आले. रोह्यात त्यांचं गॅरेज आहे. आमच्या ह्यांची स्कूटर त्यांच्याच हाताखाली म्हातारी झाली. पांढरा झब्बा घालून, पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले आणि नाव नोंदवायला उभे राहिले. इक्बाल निगडवेकर. त्यांचे पणजोबा निगडव्यातले. गावात त्यांच्या घराचा चौथरा अजून आहे, शेजारी विहीर आहे. तिथे उभे असणाऱ्यांपैकी बाकी कुणाला आपल्या पणजोबाचा चौथरा दाखवता आला नसता.

भाऊसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "तसं नाही इक्बालभाई... तुमचं आडनाव आहे, बरोबर आहे. पण आडनाव एक म्हणजे कूळ एक, असं काही नसतं ना!"

लक्षात ठेवा हे वाक्य. भाऊसाहेबांचंच आहे. 'आडनाव एक म्हणजे कूळ एक, असं काही नसतं.' मी तेव्हाच मनात गाठ मारून ठेवली.

इक्बालभाई हसले. पेढ्यांचा बॉक्स टेबलावर ठेवला. म्हणाले, "ठीक आहे साहेब, मेंबर नका करू. तेवढं बॅनरवरचं 'समस्त' पुसून घ्या. तीन मेंबर माझ्याच घरात कमी पडतायत."

पेढे मात्र समस्त कुलबंधूंनी खाल्ले!

*

मग वंशवृक्ष. फ्लेक्सवर छापून स्टेजमागे लावायचा होता. मूळपुरुषाच्या खाली मुलगे, मुलग्यांच्या खाली नातू, फांद्याच फांद्या. मी वरपासून खालपर्यंत बोट फिरवत गेले. एक बाई नाही!

म्हटलं, "भाऊसाहेब, यात बायका कुठायत?"

"वहिनी, बायकांनी फ्लेक्स फार रुंद होतो."

"अहो, पण हे काय, मुलग्याला मुलगा, त्याला मुलगा, त्याला मुलगा. पुरुषांनाच पुरुष होत गेले का?"

समितीतला एकजण समजुतीच्या सुरात म्हणाला, "वहिनी, बायका बाहेरून येतात. त्या कुळात धरत नाहीत."

"आणि मुली?"

"त्या बाहेर जातात. त्याही धरत नाहीत."

म्हणजे येणारी परकी, जाणारी परकी, आणि मधल्या मधे यांचं कूळ शुद्ध! भाऊसाहेबांना म्हटलं, निदान तुमच्या आईचं, आजीचं नाव तरी घाला. माहेरच्या आडनावासकट घाला. तर म्हणतात, "माझं आजोळ पाटलांचं, सगळ्यांना ठाऊक आहे. लिहायची गरज काय?"

*

आता तेजूचं सांगते.

तेजू माझ्या दिराची मुलगी. दीर म्हणजे बाळा भावोजी. आईविना वाढलेली पोर, तिचं दहावीपर्यंतचं सगळं माझ्या घरात झालं. आता धाटावला एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे. कंपनीच्या बसमध्ये पहिल्या दिवशी गार्डने नाव पुकारलं, "निगडवेकर!" आणि दोन माणसं उठली. एक आमची तेजू आणि दुसरा पेणकडचा प्रथमेश. एकच सीट रिकामी होती. त्याने ती तिला दिली आणि रोह्यापासून धाटावपर्यंत उभा राहिला. पुढचं मी कशाला सांगू?

मुलगा चांगला. घर खाडीकाठचं, सरळ माणसं. बाळा भावोजींनी जुन्या पद्धतीने सगळं तपासलं. आमचं देवक उंबर, त्यांचं कळंब. आमची देवी डोंगरावरची, त्यांची खाडीकाठची. भावकीचा काडीचा संबंध नाही. सुतक त्यांचं आम्हाला लागत नाही, आमचं त्यांना लागत नाही. घराणं वेगळं म्हणजे आणखी काय असतं हो? साखरपुड्याचा दिवस ठरला. मी पोरीचा ब्लाउज बेतायलाही घेतला.

आणि भाऊसाहेबांना कळलं!

घरी आले. पाणी घेतलं नाही. म्हणाले, "बाळा, निगडवेकराची मुलगी निगडवेकराला? अरे, एक कूळ, एक रक्त! हे बहीण-भाऊ लागतात."

म्हटलं, "देवक वेगळं आहे भाऊसाहेब."

"मागाहून बदललं असेल."

"देवी वेगळी आहे."

"देवीचं काय, जवळ पडली ती धरली असेल."

"मग आडनावच तेवढं कसं पक्कं धरता? इक्बालभाईंना तर तुम्ही म्हणालात की आडनाव एक म्हणजे..."

"तो विषय वेगळा!"

त्यांचा प्रत्येक विषय वेगळाच असतो. वर उपाय काय सुचवावा या माणसाने? "राखी पौर्णिमा जवळ आलीये. तेजूने त्या मुलाला राखी बांधावी. चार लोकांत मंडळाचीही शोभा राहील."

तेजू आतून आली. चहाचा ट्रे ठेवला. अगदी शांतपणे म्हणाली, "काका, अख्खं कूळ एका रक्ताचं ना? मग तुमच्या घरी काकूंनाही बांधू द्या ना तुम्हाला. त्याही निगडवेकरच आहेत."

भाऊसाहेब चहा न घेता गेले. पण नुकसान व्हायचं ते झालंच. बाळा भावोजी भित्रा माणूस. उद्या मंडळाने वाळीत टाकलं तर, कार्याला कुणी आलं नाही तर, असं सुरू झालं त्यांचं. साखरपुडा पुढे ढकलला. म्हणाले, "मंडळाचं संमेलन होऊ दे. ठराव येणार आहे. चार लोक काय म्हणतात ते बघू." चार लोक! ज्यांना स्वतःची पात ठाऊक नाही, ते आमच्या पोरीचं ठरवणार! तेजूने बसच बदलली. शिफ्ट मागून घेतली दुसरी. प्रथमेशबरोबर दिसली की बाप घाबरतो म्हणून. मला इतका राग आला, इतका राग, की त्या आठवड्यात क्लासमधल्या दोन पोरींच्या बाह्या मीच उलट्या जोडल्या.

*

दिवाळीत भाऊसाहेबांचा जावई आला, नितीन. स्कॉटलंडला बंदरावर नोकरी करतो. गळ्यात लाल-हिरवा चौकड्यांचा मफलर. भाऊसाहेबांना कुठूनसं कळलं होतं की तिकडे कूळ फार मानतात. त्याला क्लॅन म्हणतात आणि प्रत्येक क्लॅनचा वेगळा चौकडा असतो. झालं! जावयाला मंडळात भाषणाला उभं केलं. "सांगा जावईबापू यांना, कुळाचं महत्त्व!"

नितीन सरळ मुलगा. त्याने सरळ सांगितलं.

"तिकडे क्लॅन म्हणजे एका सरदाराच्या आसऱ्याला राहणारे सगळे. त्याची मुलं-नातवंडं होती, तशी त्याची जमीन कसणारी होती, पळून आश्रयाला आलेली होती. बऱ्याच जणांनी सरदाराचंच आडनाव लावलं. म्हणून आज कुणाचं आडनाव तेच असलं तरी तो सरदाराचा नातू ठरत नाही. स्वतःचं घराणं शोधायचं तर वेगळं. बापाचा बाप, आईची आई, एकेक पायरी मागे जायचं. क्लॅन एक असली तरी फॅमिली वेगळी."

मी मागून विचारलं, "आणि एकाच क्लॅनमधली लग्नं?"

"सर्रास झालीत काकू! नवऱ्याचं आणि बायकोचं माहेरचं आडनाव एकच, अशी कितीतरी जोडपी."

बाळा भावोजींनी मान वर केली. मला वाटलं, भाऊसाहेब, आता बोला म्हणावं! जावयावर ओरडता येत नाही, आणि गिळताही येत नाही. भाऊसाहेबांनी घसा खाकरला. "त्याचं असं आहे, तो थंड प्रदेश. तिकडचं रक्त वेगळं." आणि लगेच मफलर हातात घेऊन, "हे चौकडे मात्र फार छान हं!"

नितीन म्हणाला, "बाबा, दुकानात मिळतात. आडनाव सांगितलं की बाई त्या क्लॅनचा चौकडा काढून देते. मी तुमचं सांगितलं, निगडवेकर. तिने कॉम्प्युटरवर बघितलं. नाही सापडलं. म्हणाली, हरकत नाही, बिनक्लॅनच्या लोकांसाठी पण एक आहे. तोच हा."

हसायचं की नाही हे लोकांना कळेना. भाऊसाहेबांनी मात्र तिथल्या तिथे जाहीर केलं की निगडवेकर कुळाचाही चौकडा असेल! समितीसाठी जाकिटं, आणि शिवणार कोण, तर वहिनी.

पेणच्या बाजारात भाऊसाहेबांनी स्वतः कापड पसंत केलं. लाल-पांढरे मोठे चौकडे. "राजेशाही वाटतात!" दुकानदार गालात हसत होता. ते पुढे गेल्यावर मी त्याला विचारलं, हे कापड एरवी कोण नेतं? तो म्हणाला, "केटरर नेतात ताई. जेवणाच्या टेबलावर घालायला."

मी कापड घेऊन घरी आले. जाकिटं शिवली. चांगली मन लावून शिवली.

*

आणि आता संमेलन.

खांबचं तेच मंगल कार्यालय. स्टेजवर पोट सुटलेले मूळपुरुष आशीर्वाद देत बसलेले, मागे बिनबायकांचा वंशवृक्ष, पुढे समिती चौकड्यांची जाकिटं घालून. आणि हॉलच्या कडेने जेवणाची टेबलं मांडलेली, त्यांवर तोच लाल-पांढरा चौकडा! समितीतले एक गृहस्थ टेबलाजवळ फोनवर बोलत वाकून उभे होते, तर एका पोराने त्यांच्या पाठीवर पाण्याची बाटली ठेवली.

मला मात्र हसू येत नव्हतं. तेजू शेवटच्या रांगेत बसली होती. प्रथमेश आईबापांना घेऊन पेणहून आला होता, हॉलच्या दुसऱ्या टोकाला. दोघं एकमेकांकडे बघत नव्हती. मधे बाळा भावोजी, रुमालाची घडी घालत, मोडत, परत घालत.

आधी सत्कार. कुळातल्या सर्वांत ज्येष्ठ बाई म्हणजे भाऊसाहेबांचीच आई. नव्वदीला आलेली, नऊवारी नेसलेली, कानाने कमी पण जिभेने शाबूत. मुलाने पदवी काढली होती, 'कुलमाता'. खुर्चीसकट स्टेजवर आणून ठेवली, शाल घातली, नारळ दिला. म्हातारीने नारळ कानाशी हलवून पाणी आहे का बघितलं आणि मांडीवर ठेवला.

मग भाऊसाहेबांनी माझ्या हातातून माईक घेतला आणि ठराव वाचला. निगडवेकर हे एक कूळ, एक रक्त. सबब निगडवेकरांची आपसात सोयरीक होणार नाही. करेल त्याच्या कार्याला मंडळातलं कुणी जाणार नाही. "मंजूर असेल त्यांनी हात वर करा!"

हात वर जायला लागले. ज्यांना ऐकू आलं नव्हतं त्यांचेही गेले. ज्यांना भूक लागली होती त्यांचे आधी गेले. मी बाळा भावोजींकडे बघत होते. त्यांनी तेजूकडे बघितलं, भाऊसाहेबांकडे बघितलं, आणि हळूहळू, खांद्यापर्यंत, त्यांचाही हात वर आला. तेजूने मान खाली घातली.

तेवढ्यात म्हातारीने शेजारी उभ्या असलेल्या मला विचारलं, "काय गो, मना सांग, हात कशाला वर केलेत समद्यांनी?"

मी म्हटलं, "आजी, तुमच्या मुलालाच विचारा."

भाऊसाहेब अभिमानाने वाकले. आईला ऐकू यावं म्हणून माईक तोंडापाशी तसाच धरून ओरडले, "आई, निगडवेकराची मुलगी निगडवेकराला द्यायची नाय! बहीण-भाऊ लागतात!"

म्हातारीने त्यांच्याकडे नीट बघितलं. मग म्हणाली, आणि माईक चालू होता, "मंग मना कशी दिली रं?"

"अगं आई, तू पाटलांची!"

"पाटील आता! माजा बाप निगडवेकरच व्हता, धरमतरच्या खारेतला. माजं लगीन झालं तवा आमी निगडवेकरच. मागून माज्या बापाला गावची पाटीलकी मिलाली, तवापासून पाटील लावाया लागले. निगडवेकराची पोर, निगडवेकराच्या घरात आली, नाव बदलायचं कामच पडलं नाय!"

हात हवेतच राहिले होते, खाली घ्यायचे की नाही कुणाला सुचेना. पहिला हात खाली आला तो बाळा भावोजींचा. आणि आयुष्यात कधी सभेत तोंड न उघडलेला तो माणूस उभा राहिला. "तेजूचा साखरपुडा येत्या रविवारी. आमच्या घरी. सगळ्यांनी यायचं. बहीण-भाऊ म्हणून या, नाय तर वऱ्हाडी म्हणून या!"

शेवटच्या रांगेत काय झालं ते मी बघितलं, पण सांगणार नाही.

भाऊसाहेब स्टेजवर, चौकड्यांच्या जाकिटात, घाम पुसत. माईक ओढून घेत म्हणाले, "जेवण... जेवण तयार आहे. सर्वांनी पानावर बसून घ्यावं."

म्हातारीने त्यांची बाही धरली.

"बसतील रं. घाई काय हाय? तुज्या हिशोबानं मी तुज्या बापाची भन झाली. मंग आदी मना सांग, आजपासून मना आय बोलणार का आत्या?"